विचारा, बाईंना : निवडणूक सरली, उधारी सुरू

(कोकणातल्या वाचकांच्या राजकारणाविषयीच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणाऱ्या बाईंनी रत्नागिरीत राज्यशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहेत. वाचकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.)

प्रश्न : बाई, मुलगा अमेरिकेत असतो म्हणून गेल्या खेपेला तिकडे राहून आलो. धर्म आणि सरकार वेगळं ठेवा असं त्यांची घटना सांगते म्हणे. मग निवडणूक झाली रे झाली की टीव्हीवर चर्चवाले पुढारी रिपब्लिकन पक्षाला दम देताना दिसतात, ‘आमच्यामुळे जिंकलात’ म्हणून. हे कसं बसतं? — एक वाचक, गुहागर

घटनेने हात बांधले ते सरकारचे. त्यांच्या पहिल्या घटनादुरुस्तीत आहे ते एवढंच, की संसदेने कुठला धर्म सरकारी करायचा नाही आणि कुणाच्या धर्माचरणाच्या आड यायचं नाही. मतदाराने बायबल घरी ठेवून मतदानाला यावं, असं त्यात कुठेही नाही. चर्चच्या संस्थांवर जे बंधन आलं ते करमाफीच्या वाटेने. १९५४ साली लिंडन जॉन्सन सिनेटर असताना त्यांनी एक तरतूद कायद्यात बसवली : करमाफी घेता ना, मग उमेदवाराचा प्रचार करायचा नाही.

कायदा आला की वाट निघतेच. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने व्हर्जिनियाहून मला एक चिटोरं पाठवलं होतं, ते अजून माझ्या फायलीत आहे. मतदानाआधीच्या रविवारी प्रार्थना चालू असताना बाहेर उभ्या गाड्यांच्या वायपरखाली कुणीतरी ते सरकवून गेलं होतं. दोन उमेदवारांचे फोटो शेजारी शेजारी. खाली मुद्दे : गर्भपात, समलिंगी विवाह, शाळेतली प्रार्थना, कर. प्रत्येक मुद्द्यापुढे एकाचा ‘पाठिंबा’, दुसऱ्याचा ‘विरोध’. फोटोही असे निवडलेले की एक जण जावई करावा असा, दुसरा फौजदारी कोर्टातून आत्ताच बाहेर आलेला. आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत, की हे पत्रक केवळ माहितीसाठी आहे, कुणाचाही प्रचार समजू नये! अशी पत्रकं गठ्ठ्यांनी वाटायचं तंत्र बसवलं ते पॅट रॉबर्टसन यांच्या ख्रिश्चन कोअलिशनने. रॉबर्टसन हे टीव्हीवरचे धर्मोपदेशक. १९८८ साली स्वतःच अध्यक्षपदाच्या उमेदवारीला उभे राहिले आणि आयोवात उपाध्यक्ष बुशसाहेबांना, म्हणजे थोरल्या बुशना, मागे टाकून दुसरे आले. उमेदवारी काही मिळाली नाही. पण गावोगावच्या याद्या हातात राहिल्या, आणि त्या याद्यांवरच पुढच्या वर्षी ही संघटना उभी राहिली.

त्याआधीचं मूळ १९७९ चं. जेरी फॉलवेल या पाद्र्यांनी मॉरल मेजॉरिटी ही धर्मवादी मतदारांची संघटना काढली. गंमत अशी की तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः रविवारी बायबल शिकवणारे, धर्माला धरून चालणारे गृहस्थ. तरी १९८० ला ही मंडळी गेली घटस्फोटित, हॉलिवूडमधून आलेल्या रेगनकडे. पुढाऱ्याची भक्ती त्यांनी तेव्हाही मोजली नाही, नंतरही नाही. काम कोण करून देईल, एवढंच पाहिलं. आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटतं की देवळात जास्त वेळ बसणारा उमेदवार देवभोळ्यांची मतं घेऊन जातो.

आणि तिकडे उमेदवार ठरतो पक्षाच्या प्राथमिक फेरीत. तिला येतात थोडे लोक. जे दर रविवारी एका छपराखाली जमतात, एकमेकांना नावाने ओळखतात आणि मंगळवारी पाऊस असला तरी मतदानाला येतात, ते थोडे असूनही भारी पडतात. घटनेचा यात संबंध कुठे आला?

प्रश्न : २००४ साली बुश दुसऱ्यांदा निवडून आले ते धर्मवाद्यांच्या जोरावर, असं तेव्हा सगळ्या पेपरांत होतं. ते खरं होतं का? आणि त्यानंतर त्यांचं पक्षात वजन किती वाढलं? — एक निवृत्त बँक कर्मचारी, देवगड

अर्धं खरं. पण ते सांगितलं गेलं पूर्ण खरं म्हणून, आणि राजकारण चाललं त्या सांगण्यावर.

मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं होतं, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कोणता. हातात पर्यायांची यादी. २२ टक्क्यांनी ‘नैतिक मूल्यं’वर खूण केली, २० टक्क्यांनी अर्थव्यवस्था आणि रोजगारावर, १९ टक्क्यांनी दहशतवादावर, १५ टक्क्यांनी इराकवर. झालं! दुसऱ्या दिवशी मथळे : मूल्यांनी निवडणूक जिंकली. आता तुम्ही बँकेतले, बेरीज तुम्हीच करा. दहशतवाद आणि इराक म्हणजे त्या निवडणुकीत एकाच युद्धाची दोन नावं. ते एकत्र धरले तर ३४. यादी करणाऱ्याने युद्धाचे दोन तुकडे केले आणि ‘नैतिक मूल्यं’ ही भलीमोठी गोणी अखंड ठेवली. त्या गोणीत गर्भपात आला, समलिंगी विवाह आला, आणि एखाद्याच्या मनात ‘बुश खोटं बोलत नाहीत’ एवढंच असेल तर तेही आलं.

दुसरी बाजूही सांगते. त्याच दिवशी ११ राज्यांत समलिंगी विवाहबंदीवर मतदान होतं आणि अकराच्या अकरा ठिकाणी बंदी मंजूर झाली. त्यात ओहायो होतं, जिथे बुश सव्वा लाखाच्या आतल्या फरकाने जिंकले आणि ज्या राज्यावर सगळं लटकलं होतं. शिवाय बुश यांचे रणनीतिकार कार्ल रोव्ह आधीपासूनच जाहीर सांगत होते की २००० साली सुमारे ४० लाख इव्हँजेलिकल (म्हणजे बायबलला सर्वोच्च मानणारे प्रोटेस्टंट) मतदार घरी बसले. तेव्हा फ्लोरिडाचा फरक होता ५३७ मतांचा. म्हणजे ‘घरी बसले’ या दोन शब्दांची किंमत पक्षाला चांगली कळली होती. वजन येतं ते इथून. दिलेल्या मतांबद्दल पक्ष फार तर आभार मानतो. भितो तो पुढच्या खेपेला न मिळणाऱ्या मतांना.

ही भीती कशी वसूल होते ते बघायचं तर मोठ्या भाषणांकडे बघू नका. आर्लेन स्पेक्टर या एका माणसाकडे बघा.

स्पेक्टर हे पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन सिनेटर, पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. १९८७ मध्ये रेगननी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क या कट्टर न्यायाधीशाच्या विरोधात त्यांनी मत दिलं होतं, ते उजव्या मंडळींनी गाठ मारून ठेवलं होतं. २००४ च्या पक्षांतर्गत लढतीत पॅट टूमी हे त्यांच्याहून उजवे उमेदवार त्यांना पाडता पाडता राहिले, ५१ विरुद्ध ४९ टक्के. तेही खुद्द बुश स्पेक्टर यांच्या बाजूला उभे राहिले म्हणून. नोव्हेंबरात स्पेक्टर निवडून आले. सेवाज्येष्ठतेने सिनेटच्या न्यायविषयक समितीचं अध्यक्षपद आता त्यांच्याकडे येणार होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश याच समितीतून पुढे जातात.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते पत्रकारांपुढे बोलून गेले, की गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा ‘रो’ निकाल उलटवू पाहणारा न्यायाधीश सिनेटमध्ये मंजूर होणं कठीण आहे. त्यांच्या मते ते गणित होतं. ऐकणाऱ्यांना ती धमकी वाटली. बघता बघता सिनेटरांच्या कचेऱ्यांतले फोन बंद होईनात, फॅक्सचे कागद संपले. ‘फोकस ऑन द फॅमिली’ या ख्रिस्ती संघटनेचे जेम्स डॉब्सन (हे पाद्री नव्हेत बरं, मुलांचे मानसशास्त्रज्ञ, रेडिओवरून घराघरांत पोचलेले) टीव्हीवर उघड म्हणाले की हा माणूस त्या खुर्चीवर नको.

मग चोवीस वर्षं सिनेटमध्ये काढलेले हे गृहस्थ, पुढे कॅन्सरशीही झुंजणारे, कुणाच्या बापाला न भिणारे म्हणून ओळखले जाणारे, सहकाऱ्यांच्या दारोदार फिरले. १८ नोव्हेंबरला लेखी निवेदन वाचून दाखवलं : गर्भपाताची कसोटी मी लावणार नाही, अध्यक्षांनी पाठवलेल्या प्रत्येक नावाची सुनावणी लवकर घेईन. तेव्हा कुठे समितीतल्या रिपब्लिकनांनी मान हलवली. खुर्ची मिळाली, पण सही करून मिळाली.

त्या सहीचं पुढे काय झालं? २००५ मध्ये स्पेक्टर यांच्याच अध्यक्षतेखाली जॉन रॉबर्ट्स यांची सुनावणी झाली. २००६ च्या जानेवारीत सॅम्युअल अलिटो यांची झाली, आणि स्पेक्टर यांनी त्यांना मतही दिलं. २४ जून २०२२ ला ‘रो’ मोडीत काढणारा निकाल लिहिला तो या अलिटोंनीच. स्पेक्टर तो बघायला नव्हते, २०१२ मध्येच गेले. त्याआधी २००९ साली टूमी पुन्हा उभे राहताहेत हे बघून त्यांनी पक्ष सोडला, डेमोक्रॅट झाले, तिथे २०१० ची प्राथमिक फेरी हरले, आणि ती जागा शेवटी टूमींनी घेतली. चर्चवाल्यांनी त्यांना २००४ मध्ये हाकललं नाही. हाकलण्यापेक्षा अडवून धरणं फायद्याचं, हे त्यांना कळत होतं.

प्रश्न : म्हणजे धर्मवाद्यांना हवं ते सगळं मिळालं म्हणायचं. — तेच वाचक, देवगड (त्यांनी एकाच पाकिटात दोन प्रश्न घातले होते. पोस्टाचे पैसे वाचवले.)

नाही हो. जाहीर मागणी होती ती मिळाली नाही. समलिंगी विवाहबंदी देशाच्या घटनेत घालायची दुरुस्ती सिनेटमध्ये २००४ ला पडली, २००६ ला पुन्हा पडली. बुश यांनी जिंकल्यावर आपलं वजन पहिल्यांदा खर्च केलं ते सामाजिक सुरक्षेच्या पेन्शनमधल्या बदलांवर. तेव्हा जानेवारी २००५ मध्ये या संघटनांच्या आघाडीने, अर्लिंग्टन ग्रुप तिचं नाव, रोव्हना पत्र धाडलं : विवाहाच्या दुरुस्तीत असे थंड राहणार असाल तर तुमच्या पेन्शन योजनेला आमचाही उत्साह धरू नका.

मार्चमध्ये फ्लोरिडातल्या टेरी शियाव्हो या वर्षानुवर्षं अचेत पडलेल्या बाईंना अन्न पुरवणारी नळी काढायची की नाही, यावर संसद मध्यरात्रीपर्यंत बसली आणि सही करायला बुश टेक्सासच्या आपल्या रँचवरून विमानाने वॉशिंग्टनला आले. कोर्टांनी दाद दिली नाही, बाई ३१ मार्चला गेल्या. लोकांनाही ते रुचलं नाही. आमच्या मरणाच्या दारात सरकार कशाला, असं खुद्द त्या पक्षाचे मतदार म्हणू लागले. २००६ ला दोन्ही सभागृहं हातची गेली. त्यात इराकचा वाटा मोठा होता, हे मात्र मान्य करायला हवं.

प्रश्न : माझे वडील दंडवत्यांच्या प्रचाराला सायकलने फिरायचे. ते शेवटपर्यंत म्हणत, जनता पक्ष ‘दुहेरी सदस्यत्वा’ने मोडला. आम्हा मुलांना ते कधीच नीट कळलं नाही. अमेरिकेचं राहू दे, हे सांगा. — एक वाचक, राजापूर

तुमच्या वडिलांसारखी माणसं मी पाहिली आहेत. खिशात खोबऱ्याचा तुकडा आणि चार चपात्या, प्रचाराला बाहेर पडली की रात्री कुणाच्या तरी पडवीत झोपायची. राजापूर मतदारसंघ आधी बॅरिस्टर नाथ पै यांचा, त्यांच्यानंतर १९७१ पासून मधु दंडवते यांचा. आता त्या नावाचा लोकसभा मतदारसंघच उरला नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला.

१९७७ ला आणीबाणी सैल होऊन निवडणूक जाहीर झाल्यावर इंदिराबाईंना हरवायला संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल, समाजवादी आणि जनसंघ यांनी एक झेंडा केला. जिंकले. दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या काळात. चाकरमान्यांनी त्यांना पुढच्या निवडणुकांत त्या गादीवरूनच ओळखलं. वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले, अडवाणी माहिती व नभोवाणी मंत्री.

आता भांडण. जनसंघ विसर्जित झाला होता, पण जनसंघातून आलेले लोक राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचेही होते. समाजवाद्यांतले मधु लिमये म्हणाले, एकाच वेळी दोन घरची निष्ठा चालणार नाही, संघ सोडा किंवा पक्ष सोडा. समोरचं उत्तर असं, की संघ सांस्कृतिक संघटना आहे, त्याचा पक्षाशी संबंध काय? दोन्ही बाजूंनी हे किती वेळा म्हटलं गेलं त्याला गणती नाही. मधल्या काळात ठिणग्या पडत होत्या. आर. एस. शर्मांचं प्राचीन भारतावरचं पाठ्यपुस्तक १९७८ ला अभ्यासक्रमातून गेलं. त्याच वर्षी जनसंघातून आलेले खासदार ओमप्रकाश त्यागी यांनी धर्मांतरावर निर्बंध घालणारं खाजगी विधेयक मांडलं आणि ख्रिस्ती समाजातून एवढा विरोध झाला की मदर तेरेसांनी पंतप्रधान मोरारजींना पत्र लिहिलं. मोठं काही पार पडलं नाही, पण आपल्या घरात कोण राहतंय हे सगळ्यांना दिसलं.

तरी तुमच्या वडिलांशी मी पूर्ण सहमत नाही. प्रश्न खरा होता, पण तो पेटवण्याचा मुहूर्त खुर्चीने काढला. मोरारजी, चरणसिंग, जगजीवनराम, तिघांनाही एकच आसन हवं होतं. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला, तेव्हा तत्त्वासाठी बाहेर पडलेले कोण आणि मंत्रिपदासाठी कोण, हे वेगळं काढणं त्यांच्या बायकांनाही जमलं नसतं. लिमये प्रामाणिक होते, एवढं मी म्हणेन. दंडवते मोरारजींबरोबर जनता पक्षातच राहिले. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत पक्षाच्या देशभरात ३१ जागा आल्या, त्यात राजापूर होतं.

आणि खरी गोष्ट पराभवानंतरची आहे. एप्रिल १९८० मध्ये जनता पक्षाने दुहेरी सदस्यत्व चालणार नाही असं ठरवलं, आणि जनसंघातून आलेली मंडळी उठून गेली. ६ एप्रिलला भारतीय जनता पक्ष जन्मला. जाताना त्यांनी काय नेलं? खासदार थोडे, पण शाखा, कार्यकर्ता, सकाळी वेळेवर येणारा माणूस हे सगळं अखंड नेलं. मागे राहिले ते भाषणं उत्तम करणारे. धर्माच्या नावाने बांधलेल्या गटाला पक्षातून जा म्हणणं सोपं आहे. मात्र तो गेल्यावर सतरंज्या कोण घालणार, याचं उत्तर समाजवाद्यांकडे नव्हतं. मी समाजवाद्यांच्याच घरातली, त्यामुळे हे लिहिताना त्रास होतो. पण आहे ते आहे.

नव्या पक्षातही तोच पेच लगेच उभा राहिला. डिसेंबर १९८० मध्ये वांद्र्याच्या अधिवेशनात वाजपेयींनी ‘गांधीवादी समाजवाद’ पुढे ठेवला, तर विजयाराजे शिंद्यांनी तिथेच नाराजी दाखवली. १९८४ ला दोन जागा आल्या. जून १९८९ मध्ये पालमपूरला पक्षाने अयोध्येचा ठराव केला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत जागा झाल्या ८५. मवाळपणा कुणाच्या नावावर मांडला गेला आणि वाढ कुणाच्या, ते आकडेच सांगतात. त्या वाढीला दुसरीही कारणं होती, बोफोर्स होतं, जागावाटप होतं. पण पक्षाच्या आतल्या हिशेबात कारणं लिहीत नाहीत, नाव लिहितात.

प्रश्न : तुम्ही नेहमी धर्मवाल्यांनाच धारेवर धरता. धर्माने राजकारणात चांगलं काही केलंच नाही का? — एक वाचक, दापोली

दापोलीहून हा प्रश्न यावा! तुमच्या तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिराचं दार हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले, तो धर्मच होता. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी पैसा दिला, सावरकरांनी पुढाकार घेतला आणि सगळ्या जातींसाठी पतितपावन मंदिर उघडलं, तेही देऊळच. अमेरिकेत काळ्यांच्या नागरी हक्कांची चळवळ चर्चमधून निघाली.

माझी तक्रार श्रद्धेबद्दल नाही, पदांवरची नावं ठरवण्याच्या हक्काबद्दल आहे. जॉन डॅनफोर्थ हे मिसुरीचे रिपब्लिकन सिनेटर होते आणि दीक्षा घेतलेले धर्मगुरूही. रेगन वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यांनी चालवली. याच माणसाने मार्च २००५ मध्ये, शियाव्हो प्रकरण चालू असतानाच, न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की आपला पक्ष सनातनी ख्रिस्ती मंडळींची राजकीय शाखा झाला आहे. त्यांच्या श्रद्धेला तर तुम्ही नावं ठेवणार नाही?

प्रश्न : बाई, आमच्या ग्रामपंचायतीत मतदानाच्या आदल्या रात्री देवळात गाऱ्हाणा घातला. पॅनल निवडून इला. आता मानकरी म्हणतत, देवान तुमका निवडून दिल्यान, उपसरपंच आमचो व्हयो. आमी काय करूचा? — एक सदस्य, कुडाळ तालुका

देवाने निवडून दिलं असेल तर उधारी देवाची. मानकऱ्यांनी पावती फाडायची ती कुठल्या अधिकारात?

उपसरपंच निवडतात सदस्य, पहिल्या बैठकीत. त्यात देवस्थानाला मत नाही. आणि आदल्या रात्री त्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्यात, ‘दुसरीकडे मत देशील तर देव बघून घेईल’ असं कुणी म्हटलं असेल तर जपा. दैवी कोपाची भीती घालून मत फिरवणं हा आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून गुन्हा आहे. दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये आहे. गावात असं कुणी कोर्टात नेत नाही हे मलाही माहीत आहे. शिमग्याला पालखी दारात यायची असते, नारळ द्यायचा असतो, वाकडं कोण घेणार?

म्हणून एक करा. मानकऱ्यांना बसवा, चहा द्या आणि विचारा, नाव कुणाचं? जे नाव सांगतील त्याचा भाऊ, मेव्हणा, भाचा काय करतो ते बघा. देवळाच्या सभामंडपाचं किंवा पाणंदीच्या काँक्रीटचं काम कुणाला हवंय ते तिथे कळेल. बारा-पाच मानकऱ्यांत सगळे एका मताचे असतात असं समजू नका. त्यांच्यातल्याच एक-दोघांना हा उद्योग पसंत नसतो, ते फक्त तुमच्याकडून विचारणा व्हायची वाट बघत असतात. मान पालखीपुढे द्या, नारळ पहिला त्यांचा. खुर्ची बैठकीत ठरवा.

प्रश्न : मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले, गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातल्या आठांनी त्यांना मत दिलं. म्हणजे आता धर्मवाद्यांचं वजन पक्षात सर्वांत जास्त आहे असं प्रबंधात लिहू का? — एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

लिहू नकोस, मार्क जातील. माझ्याकडे पेपर आला असता तर मीच कापले असते.

२०१६ ला ट्रम्पनी न्यायाधीशांच्या नावांची यादीच आधी छापून दिली. धर्मवाद्यांना तेव्हा ट्रम्प यांच्यावर भरवसा नव्हता, म्हणून तारण मागितलं आणि मिळालं. गॉरसच, कॅव्हनॉ, बॅरेट, तीन न्यायाधीश. २०२२ ला ‘रो’ गेला. पण त्याबरोबर हातातलं हत्यारही गेलं. दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, कॅन्सससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्याने गर्भपाताचा हक्क काढून टाकणारी दुरुस्ती साधारण ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी फेटाळली. पक्षाने बोध घेतला. जुलै २०२४ च्या मिलवॉकी अधिवेशनात जाहीरनाम्यातून देशव्यापी बंदीची जुनी मागणी गाळली आणि राज्यांनी आपापलं बघावं असं लिहिलं. चर्चवाले कुरकुरले. पण मत देऊन आले, तेही दहातले आठ.

निवडणुकीनंतर काय झालं ते स्पेक्टर यांच्या प्रकरणाशेजारी ठेवून बघ. ट्रम्पनी आरोग्यमंत्रिपदासाठी नाव दिलं रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांचं. २०२३ पर्यंत डेमोक्रॅट, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने बोललेले. माइक पेन्स, जे ट्रम्प यांचेच पहिल्या खेपेचे उपाध्यक्ष आणि या मंडळींचे लाडके, त्यांच्या संघटनेने जाहीर विरोध केला : हा माणूस नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनेटने केनेडींना ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केलं. विरोधात एकच रिपब्लिकन मत पडलं, मिच मॅकॉनेल यांचं, आणि त्यांनी कारण दिलं ते लशींचं.

२००४ साली त्यांची मतं कमी निर्णायक असूनही एका सिनेटरला लेखी निवेदन वाचायला लावता आलं. २०२४ ला मतं भरभरून दिली आणि नाव अडवता आलं नाही, कारण ही मंडळी घरी बसणार नाहीत हे पक्षाला पक्कं माहीत झालं होतं. प्रबंधात मतांचा तक्ता एका पानात आटप आणि नेमणुकांना प्रकरण दे. कोणत्या नावाला कुणी हरकत घेतली, किती दिवसांत, आणि ते नाव टिकलं की गेलं. २००५ ला बुश यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या हॅरिएट मायर्स यांच्यापासून सुरुवात कर. ३ ऑक्टोबरला नाव जाहीर, २७ ला माघार. त्या स्वतः इव्हँजेलिकल, डॉब्सन यांनी आधी त्यांची पाठराखणही केली होती, तरी पक्षातल्या कायदेपंडित उजव्यांनी त्यांना टिकू दिलं नाही. म्हणजे उजव्यांत दोन गट, आणि कुणाचा नकार चालला ते तुझं तूच शोधून काढ. तक्ता झाला की मला दाखवायला घरी ये, मात्र दुपारी दोन ते चार सोडून.